मध्यस्थाचे घाईशास्त्र

पुण्या-मुंबईच्या घरबाजाराविषयी लिहिताना जमीन, सिमेंट, पुनर्विकास आणि कर्जाचे व्याजदर यांचा ऊहापोह भरपूर झाला आहे. परंतु या बाजारात सर्वांत अधिक खपणाऱ्या एका मालाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे, आणि तो माल म्हणजे घाई. या मालाला भूखंड लागत नाही, चटईक्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या प्रमाणाची, मर्यादा त्याला नसते, त्याचा ताबा त्याच क्षणी मिळतो आणि उत्पादनासाठी एक मोबाइल फोन व एक 'दुसरी पार्टी' एवढे भांडवल पुरते. हा माल घडवणाऱ्याला लोकव्यवहारात दलाल म्हणतात, स्थावर संपदा अधिनियम, 2016 हा कायदा त्याला स्थावर संपदा एजंट म्हणतो, त्याच्या स्वतःच्या कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे छापलेले असते, आणि नव्या प्रकल्पाच्या विक्री कार्यालयात त्याचे 'चॅनल पार्टनर', संक्षेपाने 'सीपी', असे नामांतर होते.

'दुसरी पार्टी' ही या शास्त्राची मूळ संकल्पना असल्याने तिचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. कोथरूड, मुलुंड किंवा विलेपार्ल्यातील एखादा दोन बेडरूमचा फ्लॅट पाहून ग्राहकाने 'घरी विचारून सांगतो' असे म्हटले, की ती अवतरते. तिने हा फ्लॅट सकाळीच पाहिलेला असतो, तिच्या सौभाग्यवतींना स्वयंपाकघर पसंत पडलेले असते, तिचे कर्ज मंजूर झालेले असते आणि ती संध्याकाळी सात वाजता टोकन घेऊन यायची असते. टोकन म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिली जाणारी रक्कम, जिची पावती बहुधा व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीची असते आणि जी परत मिळते का या प्रश्नाला 'मिळतेच हो' याहून अधिक तपशीलवार उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. ग्राहक कचरला तर ही पार्टी भाव दोन लाखांनी चढवते, आणि ग्राहकाने खरोखरच नाद सोडला तर तीही त्याच तासाला लुप्त होते, कारण पुढील गुरुवारी ग्राहकालाच फोन येतो: 'साहेब, मग काय ठरलं तुमचं? तुमच्यासाठी थांबवून ठेवलाय.' अर्थात ही पार्टी दर वेळी काल्पनिकच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या, वस्तीच्या भागांत विक्रीला निघणारी घरे खरोखरच थोडी असतात व मागणारे खरोखरच अधिक असतात, आणि तेथे ती हाडामांसाची असू शकते. तिलाही त्याच दुपारी एका दुसऱ्या पार्टीविषयी सांगितले गेलेले असते, आणि ती दुसरी पार्टी म्हणजे आपला हा कचरणारा ग्राहक, हे दोघांनाही ठाऊक नसते.

या शास्त्राचा दुसरा सिद्धान्त असा, की बाजाराचे तापमान ऐकणाऱ्यानुसार बदलते. ग्राहकाला सांगितले जाते, 'मार्केट तापलंय साहेब, पाडव्याला बिल्डर रेट वाढवतोय, मग हातात काही राहणार नाही'. आणि फोन ठेवून लगेच दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे घर विकू पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थांना, सांगितले जाते, 'काका, मार्केट एकदम थंड आहे, आता पितृपक्ष लागेल, दोन महिने कुणी दारात उभं राहणार नाही, आलेली पार्टी सोडू नका.' पंचांगाचा एवढा कल्पक उपयोग पुरोहितवर्गानेही केला नसेल. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा व दिवाळी हे मुहूर्त ग्राहकासाठी राखून ठेवलेले असतात, तर चातुर्मास, पितृपक्ष, शाळांच्या परीक्षा आणि निवडणूक आचारसंहिता यांचा उपयोग मालकासाठी केला जातो, त्यामुळे वर्षातील असा एकही दिवस उरत नाही, ज्या दिवशी कोणा ना कोणाला घाई करण्याचे शास्त्रोक्त कारण सापडणार नाही.

दलाल भाव चढवतो कारण भाव चढला की दलाली वाढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट आहे, आणि हे दाखवण्यास शाळेतले अंकगणित पुरेसे आहे. 1 कोटी 20 लाख रुपयांचा फ्लॅट घेतला आणि पुनर्विक्रीच्या व्यवहारात रूढ असल्याप्रमाणे दोन्ही बाजूंकडून 1 टक्का दलाली धरली, तर मध्यस्थास एकूण 2 लाख 40 हजार रुपये मिळतात. ग्राहकाने घासाघीस करून भाव 5 लाखांनी खाली आणला, तर मध्यस्थाचे नुकसान होते ते अवघे 10 हजारांचे. मालकाचे 5 लाख गेले, ग्राहकाचे 5 लाख वाचले, आणि मध्यस्थाच्या वाट्याला आलेला तोटा वर्षभराच्या पेट्रोलखर्चाएवढाही नाही. याउलट, ग्राहकाने 'अजून दोन महिने बघतो' असे म्हटले, तर धोक्यात येतात ते पूर्ण 2 लाख 40 हजार, कारण त्या दोन महिन्यांत तोच फ्लॅट कोपऱ्यावरचा दुसरा मध्यस्थ विकून मोकळा होऊ शकतो. तेव्हा मध्यस्थ ग्राहकाचाही नसतो आणि मालकाचाही नसतो. त्याची निष्ठा कोठे असेलच तर ती करारनाम्याच्या तारखेशी असते. मुलाकडच्यांना मुलीचे आणि मुलीकडच्यांना मुलाचे गुण सांगणाऱ्या लग्न जमवणाऱ्या काकांनाही ही निष्ठा ओळखीची वाटेल, फक्त त्या काकांना निदान जेवणाच्या पंगतीत दोन्ही बाजूंना तोंड दाखवावे लागते.

फ्लॅट दाखवण्याची क्रिया, जिला 'साइट व्हिजिट' म्हणतात, ही या शास्त्राची प्रयोगशाळा होय. भेट दुपारी चारची ठरते, कारण सकाळी समोरच्या शाळेची प्रार्थना आणि संध्याकाळी खालच्या डेअरीची गर्दी असते. दहा-पंधरा किल्ल्यांच्या जुडग्यातून योग्य किल्ली तिसऱ्या प्रयत्नात सापडते, मध्यस्थ आधी आत जाऊन सर्व दिवे आणि पंखे चालू करतो, मग ग्राहकास बोलावतो आणि बोलत बोलत हॉलच्या उत्तरेकडील कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. तो तेथून हलत नाही. ग्राहकपत्नीने 'तुमच्या मागे भिंतीला काय झालंय?' असे विचारल्यावरच तो अर्धी वीत सरकतो आणि ओलीचा नकाशा, ज्यात कोकण किनारपट्टी स्पष्ट ओळखू येते, उघडा पडतो. 'ते काही नाही ताई, फक्त पेंटचं काम आहे' हे वाक्य या प्रसंगी प्रमाण मानले जाते. बाल्कनीतून दिसणारा नाला 'ओपन व्ह्यू' असतो, पूर्वेकडचा दरवाजा 'वास्तू कंप्लायंट' असतो, आणि मेट्रो स्थानक पाच मिनिटांवर असते. ही पाच मिनिटे कोणाच्या पायाने मोजलेली आहेत, हे शास्त्राने अद्याप निश्चित केलेले नाही. 'सोसायटी एकदम फॅमिलीवाली आहे' या विधानाचा अर्थ मात्र नीट विचारून घ्यावा लागतो, कारण काही ठिकाणी त्याचा अर्थ असा निघतो, की बोंबील तळणाऱ्या फॅमिलीची गणना फॅमिलीत होत नाही.

क्षेत्रफळाची बाब कायद्याने बरीचशी सरळ केली आहे, म्हणून तिच्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. चटई क्षेत्र, म्हणजे बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी व गच्ची वगळून आणि आतल्या भिंती धरून प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, हेच नव्या प्रकल्पांत सांगितले पाहिजे असे 2016 च्या अधिनियमाने ठरवले. पुनर्विक्रीत मात्र 'सेलेबल' नावाचे जुने माप अद्याप हयात आहे, ज्यात जिना, लिफ्ट आणि लॉबीतील ग्राहकाचा वाटाही हॉलमध्ये मांडून दाखवला जातो.

याच अधिनियमाने मध्यस्थांनाही शिस्त लावण्याचा प्रयत्न केला, आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. महाराष्ट्रात 2017 पासून काम करणाऱ्या 'महारेरा' या नियामक प्राधिकरणाकडे एजंटाने नोंदणी करणे बंधनकारक झाले. व्यक्तीसाठी नोंदणीचे शुल्क 10 हजार रुपये आणि मुदत पाच वर्षे ठरली. पुढे प्राधिकरणाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली, त्यामुळे ज्या व्यवसायात आजवर एक दुचाकी आणि पुष्कळ ओळखी एवढीच पात्रता पुरत होती, त्यातील मंडळी पन्नाशीत हॉल तिकीट घेऊन परीक्षा केंद्राबाहेर उभी राहिली. परंतु कायद्याची मेख अशी, की ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. वीस-तीस वर्षांच्या जुन्या इमारतीतील घराचा सौदा लावणाऱ्यास ती लागू होत नाही, आणि ओल, थकलेली देखभाल वर्गणी, हरवलेले भाग प्रमाणपत्र, न मिळालेला भोगवटा दाखला असे सर्व गहन विषय नेमके याच इमारतींत नांदत असतात. भोगवटा दाखला म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचे महापालिकेचे प्रमाणपत्र, ज्याला बाजारात 'ओसी' म्हणतात आणि ज्याविषयी 'प्रोसेसमध्ये आहे' असे गेली वीस वर्षे सांगितले जात असलेल्या इमारती दुर्मीळ नाहीत.

नव्या प्रकल्पात दलाली विकसक देतो, म्हणून ग्राहकास सेवा फुकट मिळते अशी एक गोड समजूत आहे. विक्री कार्यालयाच्या दारातच एक तरुणी हसतमुखाने अर्ज भरून घेते आणि विचारते, 'सर, कोणत्या सीपीकडून आलात?' ग्राहकाने भिडेखातर कोणाचेही नाव सांगितले, की त्याचा फोन क्रमांक त्या मध्यस्थाच्या नावे नोंदला जातो. या क्रियेस 'टॅगिंग' म्हणतात, आणि एकदा ती झाली की थेट आलेल्या ग्राहकास मिळू शकणारी सूट मागण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. फुकट सेवेची किंमत तेथे, त्या अर्जाच्या तिसऱ्या रकान्यात, चुकती होते.

पुनर्विक्रीत ती उघडपणे चुकती होते, आणि येथे शासनाच्या एका उदार धोरणाचा उल्लेख करावा लागेल. पुण्यात 1 कोटी 20 लाखांच्या घरावर 7 टक्के दराने 8 लाख 40 हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि वर 30 हजार रुपये नोंदणी फी पडते. मात्र 2021 पासून घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. म्हणजे 1 लाख 20 हजार रुपये वाचतात. स्त्री सक्षमीकरणाचे हे 1 लाख 20 हजार रुपये मग मध्यस्थाच्या 1 टक्क्याकडे वळतात, आणि पक्की पावती मागितल्यास त्यावर 18 टक्के जीएसटी चढतो, म्हणून पावती मागणारा ग्राहक हा या व्यवसायात काहीसा उद्धट समजला जातो. 'चेक किती आणि कॅश किती?' हा प्रश्न विचारणारा मात्र समजूतदार ठरतो; आयकर कायद्याने 2015 पासून स्थावर व्यवहारात 20 हजार व त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई केली असली, तरी ही माहिती मध्यस्थाच्या कार्यालयापर्यंत अद्याप पोचलेली दिसत नाही.

चांगले मध्यस्थ नसतात असे नव्हे. मालकाच्या परदेशस्थ भावाचे मुखत्यारपत्र वेळेवर आणवणारा, बँकेच्या वकिलाला हवा असलेला 1994 चा मूळ करारनामा शोधून काढणारा, आणि हस्तांतरण अधिमूल्यापोटी 25 हजारांच्या शासकीय मर्यादेपेक्षा अधिक मागणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला ऑगस्ट 2001 चे परिपत्रक दाखवणारा मध्यस्थ आपली दलाली पूर्ण कमावतो, आणि ती देताना हात आखडणारा ग्राहक कृतघ्न म्हणावा लागेल. दुर्दैव इतकेच, की दलालीचा दर त्याच्यासाठी आणि केवळ किल्ली फिरवणाऱ्यासाठी एकच आहे.

म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने तर आपल्या सोडतीसाठी कोणताही एजंट नेमलेला नाही, हे वारंवार जाहीर केले आहे, आणि तरीही 'म्हाडात आपली ओळख आहे' असे सांगणाऱ्यांना पैसे देऊन फसलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. ज्या घराचा मालक निश्चित, किंमत निश्चित आणि निवड सोडतीने होते, तेथेही लोकांना मध्यस्थ हवासा वाटतो. यावरून घाईची मागणी पुरवठ्यापेक्षा किती अधिक आहे हे दिसते.

एखाद्या इमारतीतील सदनिका प्रत्यक्षात किती रुपयांना नोंदवल्या गेल्या, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे बाजारात ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात त्या दस्तनोंदीच्या गोषवाऱ्यात, कोणालाही पाहता येते, आणि त्यातील मोबदल्याच्या आकड्याला पाडवा किंवा पितृपक्ष यांपैकी काहीच ठाऊक नसते. टोकन देण्यापूर्वी वाचकांनी एक संध्याकाळ त्या संकेतस्थळासाठी राखून ठेवावी; कॅप्चा तीनदा चुकला तरी तेथे दलाली आकारली जात नाही.