दुर्बीण ‘जपून’ ठेवणाऱ्या भाऊसाहेबांस खुले पत्र

सन्माननीय भाऊसाहेब,

सा. न. वि. वि.

आपण माझी दुर्बीण परत केलीत, त्याबद्दल आपले आभार मानावेत तेवढे थोडेच. गेल्या पक्षी सप्ताहात, ‘दोन दिवसांत आणून देतो न भाऊ, मी काय तिले खातो का?’ असे म्हणून आपण ती नेलीत आणि शब्दाला जागलात. खाल्ली नाहीत. दोन दिवसांचा हिशेब थोडा लांबला, मध्ये अख्खा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा येऊन गेला. पण ऋतू काय आपल्या हातात असतात?

या पत्रात आपले नाव मी मुद्दामच घातलेले नाही. वाशीमपासून कारंज्यापर्यंत ज्याच्याकडे म्हणून एक बरी दुर्बीण आहे, त्याला एकेक भाऊसाहेब लाभलेले आहेतच. एकट्याचे नाव घेऊन बाकीच्यांचा मान कशाला कमी करा?

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य शासनाने पक्ष्यांच्या नावे केला, तो लोकांनी घराबाहेर पडावे म्हणून. आपण पडलात. एकबुर्जी धरणावर गळ्यात माझी दुर्बीण घालून उभे असलेले आपले छायाचित्र मी पाहिले. ती आपण उलटी धरली होती, असे काही कुत्सित लोक म्हणतात. मी त्यांना गप्प केले. बदके दचकू नयेत म्हणून भाऊसाहेब ती आणखी लांबून पाहत असतील.

आपण जे नेले ते काय होते, हे सांगायला तेव्हा सवड मिळाली नाही, कारण आपण गाडी चालूच ठेवली होती. ती पूर्व जर्मनीत जेना गावी कार्ल झाइसच्या कारखान्यात बनलेली जेनॉप्टेम, ८ बाय ३०. म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढची काच ३० मिलिमीटरची. १९४५ साली अमेरिकी सैन्य जेनातून निघाले, तेव्हा झाइसचे निवडक तज्ज्ञ सोबत घेऊन गेले. त्यांनी पश्चिमेला ओबरकोखेन येथे नवा संसार मांडला. मागे राहिलेला कारखाना रशियनांच्या हाती आला आणि त्यातली बरीचशी यंत्रे रशियात गेली. पुढे भारतात जिकडे तिकडे दिसणाऱ्या ‘टेंटो’ या रशियन दुर्बिणींवरही जेनाच्याच घडणीची छाप आहे. एवढे महायुद्ध, फाळणी आणि लूट जेनाने पचवली. पण जेनाचा आपल्याशी परिचय तेव्हा झालेला नव्हता.

सर्वप्रथम, काचा पुसण्याचे जे श्रम आपण घेतलेत त्याबद्दल ऋणी आहे. सोयाबीन नुकतेच निघालेले, मळणीयंत्राचा धुरळा हवेत, आणि आपण तोंडाची वाफ देऊन शर्टाच्या टोकाने काचा गोल गोल घासून काढल्यात. त्या धुरळ्यात वाळूचे बारीक कण असतात आणि काचेवरच्या कोटिंगपेक्षा ते कठीण असतात, ही वाळूची चूक. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि अगदी शेवटी स्वच्छ, मऊ कापड लावावे, हा क्रम आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा.

काचेवर निळसर-जांभळी झाक होती, ती ‘डाग’ समजून आपण विशेष जोर लावलात, असे कळले. भाऊसाहेब, तो डाग झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधून काढला. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश माघारी फिरतो, आणि दुर्बिणीच्या एकेका नळीत अशी दहाएक पृष्ठे असतात. तो प्रकाश वाया जाऊ नये म्हणून हा पातळ थर. तो आपण बराचसा उतरवलात. आता उन्हाकडे तोंड केले की आत पांढरे धुके भरते. वाशीमला धुके तसे दुर्मीळच. आपण त्याची बारमाही सोय केलीत.

उन्हाळ्यात तिला आपण गाडीच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवलेत. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. बंद गाडीत किती होत असेल ते आपण तिच्याकडून मोजून घेतलेत. त्या उष्णतेने ग्रीस पातळ होऊन वाहते आणि नको तिथे जाऊन बसते. पुढची काच मुळात दोन भिंगे डिंकाने जोडून केलेली असते. तो जोड कडेने सुटू लागला की काचेच्या काठाला इंद्रधनुष्य दिसते. माझ्या दुर्बिणीत ते आता दिसते. ऐन दुष्काळी महिन्यात इंद्रधनुष्य दाखवणारे आपणच.

ग्रीस वाहून गेल्यावर फोकसचे चाक खरखरू लागले, तेव्हा आपण हातावर हात ठेवून बसला नाहीत. वहिनींच्या शिलाई मशीनचे तेल आणलेत आणि सढळ हाताने सोडलेत. पातळ तेल एका जागी थांबत नाही, ते सरपटत आत जाते आणि लोलकांवर बसते. चाक मात्र आता इतके गुळगुळीत फिरते, की त्यावर धरलेला फोकस जागेवर राहत नाही. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि ती बाटली त्यांनी यापुढे कुलपात ठेवावी, एवढे सुचवा.

मग ती पडली. क्षमा करा, आपण सांगितलेत तसे, ‘पडली नाही, टेकली.’ मोटारसायकलच्या हँडलवरून डांबरी सडकेवर टेकली. बाहेरून ओरखडाही नाही, हे आपण मला तीनतीनदा फिरवून दाखवलेत. खरेच नाही. टेकण्याचा परिणाम आत झाला. लोलक आपल्या जागेवरून केसभर हलले आणि दोन नळ्या दोन दिशांना पाहू लागल्या. माणसाचे डोळे आतबाहेर थोडे वळवून घेतात, पण एक वर आणि एक खाली असे काही त्यांना जमत नाही. म्हणून त्यातून पाच मिनिटे पाहिले की कपाळ ठणकते.

हा दोष ओळखायला खर्च नाही, म्हणून वाचकांसाठी सांगतो. आपण कृपया कंटाळू नका. लांबच्या विजेच्या तारेवर दुर्बीण धरा आणि ती हळूहळू डोळ्यांपासून वीतभर दूर न्या. दोन्ही नळ्यांत तार एकाच रेषेत राहिली, तर दुर्बीण सरळ. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली गेली, तर ती कुठेतरी टेकलेली आहे.

या दोषाचा पहिला अनुभव, दुर्बीण परत आल्यावर, मी कारंजा-सोहोळ अभयारण्यात घेतला. १८ चौरस किलोमीटरहून जरासे मोठे, काळविटांसाठी राखलेले ते गवताळ रान. हिवाळ्यासाठी तिथे मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. मादी समोरून गवताला लागून तरंगत गेली. ती पांढुरक्या भोवत्याची की माँटेग्यूच्या, हे ठरवायला मानेवरची फिकट पट्टी पाहावी लागते. गाल गडद आणि त्यामागे फिकट पट्टी ठळक, तर पांढुरका. मला पट्टी दिसली नाही, पण माद्या दोन दिसल्या. पक्षी सप्ताहात गणना असती तर जिल्ह्याचा आकडा आपण एका टेकण्यात दुप्पट केला असता.

एवढे सगळे होऊनही दुर्बीण जगली असती. पण मग आपल्याला तिची काळजी वाटू लागली.

पाऊस लागला तसे आपण ती, आपल्याच शब्दांत, ‘जपून’ ठेवलीत. लेकरांचा हात लागू नये म्हणून माझ्याकडून मूळ चामडी पेटीही आग्रहाने मागून नेली होतीत. त्या पेटीत घालून, पट्टा आवळून, लोखंडी कपाटात शालूंच्या तळाशी, वर चार डांबरगोळ्या. आषाढात एकदा पाहून यावे म्हणून मी फोन केला, तेव्हा आपण म्हणालात, ‘काही चिंता करू नका, हातच लावला नाही तिले.’

हेच तर झाले, भाऊसाहेब.

डांबरगोळ्या कसरीसाठी असतात. बुरशीला फक्त ओल, अंधार आणि साचलेली हवा लागते. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की तिला भागते. खायला बोटांचा तेलकटपणा आणि धूळ, ती आपण आधीच वाढून ठेवली होतीत. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून पेटी तिला महालच झाली. आता आतल्या लोलकावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले आहेत. ते पुसता येतात. पण बुरशीतून सुटणारे आम्ल काचेला चरे पाडते, ते कोणत्याच कापडाने जात नाहीत.

हाताळलेली दुर्बीण झिजते. तिचा काळा रंग कडांना उडतो, खालचा धातू चमकतो, पट्टा गळ्याच्या घामाने काळा पडतो. जाणता गिऱ्हाईक हे सगळे पाहतो आणि पुढे जातो. रोज वारा लागलेली, रोज डोळ्याला लागलेली दुर्बीण पन्नास वर्षे चालते. जपून ठेवलेलीला मात्र एक पावसाळा पुरतो. पावसात तिला हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे, जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे, आणि मधूनमधून काढून उघाडीत वापरावे. चामडी पेटी शोभेसाठी असते. तिला दुर्बिणीपासून लांबच ठेवावे.

परत करताना माझे नुकसान होऊ नये म्हणून आपण किमतीचाही विचार केलात, हे मी विसरणार नाही. ‘आता भंगार झाली, पण घरचा माणूस म्हणून मीच घेतो’ असे म्हणून आपण जो आकडा सांगितलात, त्यात चहा-पोह्यांच्या दोन पंगतींची सोय नक्की होईल. वस्तूचा भाव कसा पाडावा हे व्यापारी आयुष्यभर शिकतात. आपण वर्षभर श्रम करून, वस्तू हातात ठेवून, तो पाडलात.

आपल्या हिशेबातली एक गोष्ट मला मान्य आहे. जेनॉप्टेम काही दुर्मीळ नाही. त्या भरपूर बनल्या. ओबरकोखेनच्या झाइसची १९६४ ची डायलाइट, १० बाय ४०, पक्षीनिरीक्षकांत नावाजलेली. तिच्या नावालाच भाव आहे. माझ्या गरिबाच्या जेनाला नावाचा भाव नाही, तिचा सारा भाव आतल्या काचेत. म्हणून जुनी दुर्बीण घेणारा आधी पुढच्या काचेतून टॉर्च टाकून तिरपे पाहतो. तंतू, धुके, काठाचे इंद्रधनुष्य, मग विजेची तार, मग फोकसचे चाक, आणि सर्वांत शेवटी रंग. आपण रंग सोडून बाकी सगळ्याची काळजी घेतलीत.

जुन्या कॅमेऱ्यांची कामे करणाऱ्या एका कारागिराने ती उघडून पाहिली. लोलक साफ होतील, नळ्या सरळ होतील, ग्रीस नवे भरता येईल. एका लोलकावरचे चरे राहतील. खर्च आपण देऊ केलेल्या आकड्याच्या कैक पट. जुन्या दुर्बिणीत हे एक बरे, की ती उघडता येते. आपण सुचवलीत ती नायट्रोजन भरलेली, पाण्याला न भिणारी नवी दुर्बीण ओल आत घेत नाही हे खरे. पण तिला टेकायला एकदा आपल्याकडे पाठवले, तर ती दुरुस्त करणारा या पंचक्रोशीत सापडायचा नाही.

येत्या पक्षी सप्ताहासाठी आपण पुन्हा विचारणा केलीत, हा माझा बहुमान समजतो. दुर्बीण देता येणार नाही, पण आपल्याला नेता येईल. ती माझ्या गळ्यात राहील, आपण शेजारी उभे राहा. भोवत्या आला की मी ती आपल्या डोळ्यांना लावीन, दोन्ही हातांनी धरीन आणि आपण फक्त पाहा. त्या दिवशी शर्ट कोणता घालावा, ते आपल्या मर्जीवर.

कळावे, लोभ आहेच, तो इतका वाढवू नये.

आपला,
एक नम्र पक्षीमित्र, वाशीम

ता. क. – चामडी पेटी सोबत परत पाठवत आहे. कारागीर म्हणाला, बुरशीचे बीज अस्तरात राहते, तिच्यात पुन्हा काही ठेवू नका. आपल्या घरात वस्तू जपून ठेवण्याची हौस आहे, म्हणून ती आपल्यालाच भेट. त्यात आपला मोबाईल छान मावेल. पट्टा आवळायला विसरू नका.