नाडीवर लिहिलंय ‘नाडी’

तुम्हाला कळलं की नाही? आमच्या पलीकडच्या मामींनी नातवाच्या नव्याकोऱ्या बुटाची लाल पट्टी कापून टाकली! नाडीच्या भोकातून ओवलेली, एका बाजूला लोंबणारी प्लास्टिकची पट्टी. मामींना वाटलं दुकानदारानं किंमत अडकवली असेल, पोरगं काढायचं विसरलं. घेतली कात्री, कच्च! पोरानं रात्री ताट सरकवून दिलं. म्हणे, त्या पट्टीतच तर सगळं होतं, आता हा बूट बूटच राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा मामला भिंतीवर आला. जालन्यातल्या मस्तगडच्या जुन्या घरांच्या भिंती तुम्हाला ठाऊक आहेत, आमच्या दोन घरांमधली तर आता कमरेएवढीच उरलीय. दोन्हीकडचे पुरुष दर उन्हाळ्यात ‘बांधून घेऊ’ म्हणतात, आम्ही दोघी दर उन्हाळ्यात विषय बदलतो. अलीकडे मी, पलीकडे मामी, आणि मागच्या गल्लीतून येऊन पायरीवर टेकणाऱ्या काकू. काकूंची उभी हयात बियाण्याच्या कंपनीत गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्या आधी पारखून घेतात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची नातही होती, पुण्याला डिझाइन शिकणारी.

मामींनी रागारागात बूटच भिंतीवर आणून ठेवला. “बघा तुम्हीच! शिलाई बाहेरून दिसू राहिली, आतला फोम उघडा, आणि नाडीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाच गं.”

नातीनं वाचलं, “शूलेसेस.”

“म्हणजे?”

“नाडी.”

“नाडीवर नाडी लिहिलंय?” मामींनी भिंतीवर हात आपटला. “मग मी तिखटाच्या डब्यावर ‘तिखट’ लिहिते, मला कोण पैसे देतं?”

पोरगी हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, “मामी, ज्यानं हे केलं त्यालाही लोक हेच म्हणाले.” मग तिनं त्या माणसाची कुंडलीच मांडली. व्हर्जिल अ‍ॅब्लो. आईवडील घानाहून अमेरिकेत गेलेले, आई शिवणकाम करणारी, शिवायला तिनंच शिकवलं. आधी सिव्हिल इंजिनिअर झाला, मग शिकागोत आर्किटेक्चर केलं, आणि शेवटी वळला कपड्यांकडे. २०१७ साली नायकी कंपनीनं आपले दहा बूट त्याच्या पुढ्यात ठेवले नि म्हटलं, तुझ्या पद्धतीनं कर. त्यानं ते फाडून, उलगडून, बूट कसा बनतो ते बाहेरून दिसेल असे पुन्हा जोडले. हवेच्या गादीवर अवतरण चिन्हांत ‘एअर’ लिहिलं, नाडीवर ‘शूलेसेस’ लिहिलं, आणि लाल पट्टी लटकवली. ती काढायची की ठेवायची यावर जगभरात पोरं भांडली.

“काढायची!” मामी.

“माणूस आहे का अजून?” काकूंनी विचारलं.

“नाही आजी. २०२१ मध्ये कॅन्सरनं गेला. एकेचाळीस वर्षांचा होता.”

मामींचा आवाज जरा उतरला. बूट त्यांनी पदरानं पुसला.

पोरगी पुढं म्हणाली, तो गेल्यावर त्यानं लुई व्हिटॉनसाठी केलेल्या नायकीच्या दोनशे जोडांचा २०२२ च्या सुरुवातीला लिलाव झाला. एक जोड साडेतीन लाख डॉलरच्या वर गेला. दोनशे मिळून अडीच कोटी डॉलर!

“कुणाला मिळाले?”

काकूंचा हा ठरलेला प्रश्न. लग्नातला आहेर असो, शेताची मोजणी असो की मोसंबीचा सौदा, गोष्ट कितीही रंगलेली असू द्या, त्या मधेच विचारणार. पोरगीनं सांगितलं, ते पैसे काळ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीला गेले, त्यासाठीचा निधी त्यानं हयातीतच काढून ठेवला होता. काकूंनी मान डोलावली. पास.

मग त्यांचं बोट बुटाच्या बाजूच्या खुणेवर गेलं. “आणि ही कोयती कुणी काढली?”

ही गोष्ट मलासुद्धा माहीत नव्हती. १९७१ साली पोर्टलंडच्या विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकणारी कॅरोलिन डेव्हिडसन नावाची मुलगी होती. तिथंच पूर्वी हिशेब शिकवलेला एक मास्तर बुटाच्या धंद्यात होता, फिल नाइट. तासाला दोन डॉलर ठरले. तिनं चित्रं काढून दाखवली, त्याला एकही फारसं भावलं नाही, पण माल बनवायला टाकायचा होता म्हणून ही खूण घेतली. बिल झालं पस्तीस डॉलर. तेव्हाच्या भावानं अडीचशे रुपयांच्या आसपास.

“बस्स?” मामी आणि मी एकदमच बोललो.

“थांबा ना. १९८३ मध्ये कंपनीनं तिला बोलावलं, मेजवानी दिली, हिरा जडवलेली त्याच खुणेची सोन्याची अंगठी दिली आणि पाकिटात कंपनीचे शेअर घालून दिले.”

“बारा वर्षांनी,” काकू म्हणाल्या. त्या ‘बारा’मध्ये सगळं आलं. मला विचाराल तर बारा वर्षांनी का होईना, बोलावलं हे कमी नाही. आपल्याकडं गणपतीची मूर्ती रंगवणाऱ्याला विसर्जनाच्या आधी उरलेले पैसे मिळाले तरी मोठी गोष्ट.

मामींना मात्र दुसऱ्याच बाईची गोष्ट भावली. त्या फिल नाइटचा भागीदार होता बिल बोवरमन, पोरांना पळायला शिकवणारा कोच. त्याला हलका पण जमिनीला धरून ठेवणारा तळवा पाहिजे होता. सकाळी नाश्त्याला बायकोनं वॅफल केलेलं, म्हणजे चौकड्या-चौकड्यांचं जाड धिरडं. त्यानं त्या चौकड्या पाहिल्या आणि बायकोच्याच साच्यात रबरासारखं घट्ट होणारं पातळ रसायन ओतलं. साचा चिकटला तो उघडेचना. तळवा मात्र पुढं जगभर चालला. मामी म्हणाल्या, “साचा भरून दिला का तिला?” हे कुणालाच सांगता आलं नाही. मामींनी तो माणूस मनातून उतरवला. तिथं आमचे मामा भिंतीपाशी येऊन म्हणाले, “रोलिंग मिलमध्ये आम्ही घालतो त्या सेफ्टी शूजला पुढं लोखंडाची टोपी असते, त्यावर कुणी काही लिहीत नाही.” त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. ते चहा शोधायला आत गेले.

नातू एवढा वेळ दाराआडून ऐकत होता. बास्केटबॉलवाल्या जॉर्डनचं नाव निघताच बाहेर आला. १९८४ मध्ये मायकेल जॉर्डनला नायकी नकोच होती, त्याचं मन अदिदासवर. त्याच्या आईनं, डेलॉरिसबाईंनी, निदान ऐकून तरी ये म्हणून बळंच धाडला. करार झाला, पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा बूट आला, पीटर मूरनं काढलेला, पंख लावलेल्या चेंडूचा शिक्का असलेला. आणि विकल्या गेलेल्या मालातला वाटा आजतागायत जॉर्डनला पोचतो. काकूंचा प्रश्न यायच्या आत नातवानंच उत्तर दिलं. मामींनी त्याच्याकडं बघून एवढंच म्हटलं, “आईचं ऐकलं त्यानं.” पोरगं परत दाराआड.

मग निघाली आपल्या मराठी माणसाची गोष्ट, आणि इथं काकू खऱ्या फुलल्या. अशय भावे नावाच्या तरुणानं दुबईत शिकताना कल्पना मांडली आणि २०२१ मध्ये ‘थैली’ नावानं बूट आणले. वापरून फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांना उष्णता देऊन, थर दाबून चामड्यासारखं कापड करायचं, अस्तर नि नाड्या बाटल्यांच्या प्लास्टिकमधून. एका जोडाला दहा पिशव्या आणि बारा बाटल्या. आनंद महिंद्रांनी त्याबद्दल लिहिलं तेव्हा पुष्कळ गाजलं होतं. पण काकूंचे कान टवकारले ते खोक्यावर. बूट ज्या खोक्यात येतात त्याच्या कागदात तुळशीच्या जातीचं बी घातलेलं असतं. खोकं फेकायचं नाही, मातीत लावायचं.

“उगवण किती टक्के?”

“अगं आजी, ते…”

“कागदात ओलावा राहिला की बी आतच मरतं. लॉट नंबर असतो का? तारीख?”

१९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको ही बियाण्याची कंपनी काढली, त्या गावच्या म्हातारीला खोक्यातलं बी दाखवायचं म्हणजे परीक्षाच की. पोरगी म्हणाली, मी एक खोकं आणून देते, तूच बघ. काकूंनी लगेच ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून कसे गुंडाळायचे ते सांगायला घेतलं. त्यात बराच वेळ गेला, ते सगळं मी इथं सांगत नाही.

तेवढ्यात पोरगीनं मामींचा बूट उलटा केला, आतली शिलाई नखानं चाचपली, जीभ वर करून पाहिली आणि हळूच म्हणाली, “मामी, वाईट वाटून घेऊ नका. हा फर्स्ट कॉपी आहे.”

मामींचा चेहरा असा उजळला! “म्हणजे पट्टीसुद्धा फर्स्ट कॉपीच होती ना? मग मी काय कापलं?”

दाराआडून काही आवाज आला नाही.

कॉपी म्हटल्यावर काकूंनी कोल्हापूर काढलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या पोरांच्या पायात काय होतं, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. कोल्हापुरी चप्पल, दुसरं काही नाही. पण कंपनीनं म्हटलं नुसतं ‘चामडी सँडल’. गावाचं नाव नाही, कारागिराचं तर नाहीच. इकडं गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, मग प्राडाच्या लोरेन्झो बर्तेलींनी कबूल केलं की प्रेरणा तिथलीच. त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांच्या घरी बसून गेली. कोर्टात अर्ज गेला तो मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये फेटाळला, कारण भौगोलिक मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यायला हवं होतं. हे मानांकन २०१९ चं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांचं, आणि ते आहे दोन्हीकडच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर.

इथं पोरगी तावातावानं बोलायला लागली, आणि मला ते पटलं. म्हणाली, “अ‍ॅब्लोनं शिलाई उघडी ठेवली तर ती कला. कोल्हापुरीची शिलाई पहिल्यापासून उघडीच आहे. खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं. आणि वरची वेणी कोण घालतं? घरातल्या बायका.” चपलेला गावाचं नाव मिळतं. कापशी गावची ती कापशी. आणखीही नावं आहेत, बक्कलनाळी, पुकरी, कचकडी. पण हा जोड अमक्या बाईच्या हातचा, असं कुठल्याच चपलेवर लिहिलेलं नसतं.

काकूंनी किल्ल्याकडं हात केला. “हा आपला मस्तगड बघ. १७२५ सालचा, निजामाच्या हुकमावरून काबिल खानानं बांधला, असं सगळे सांगतात. काबिल खानानं एक तरी धोंडा उचलला असेल का?”

“काकू, तो जुना जमाना,” मी म्हटलं.

“आणि २०२५ चा काय नवा?”

नवं एवढं, की डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथंच, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बनवून घ्यायचे, इथली कारागिरी आणि त्यांची यंत्रं. एका जोडाला आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर, आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरच्या चाळीस दुकानांत विकायचे, असं जाहीर केलं. तीन वर्षांचा करार, त्यात कारागिरांना शिकवणं आलं, काहींना थोड्या दिवसांसाठी इटलीतल्या प्राडाच्या शाळेतही नेणार.

काकूंनी बोटांवर हिशेब मांडला, मधेच सोडला. “त्या ऐंशी हजारांतले वेणीवालीला किती?”

पोरगी गप्प. करारातले आकडे तिच्या मोबाइलमध्ये नव्हते. मी म्हटलं, “निदान आता ‘कोल्हापुरी’ म्हणून तरी विकतील.” काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी बारदानातल्या शंभर दाण्यांमधला न उगवलेला दाणा.

मामींचं लक्ष भलतीकडंच. “इटलीला नेणार म्हणते ही. थंडीत नेलं तर?”

“तर काय?”

“तर काय काय विचारता? पायात काय घालून जातील बिचारे?”

“बूट घालतील की मामी,” दाराआडून नातू.

“कुठले? पट्टीचे?”