ब्रेकचा रकाना

नवी गाडी घरी आली त्या संध्याकाळी तिची पहिली तपासणी सोसायटीच्या फाटकातच झाली. वॉचमनने बॉनेटवर थाप मारून पत्रा पातळ असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा कपाळावर चढवून टायरपाशी उकिडवे बसले. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचून काका उठले आणि मुलगी मुलापेक्षा मोठी निघाल्यावर काढतात त्या सुरात म्हणाले, "टायर गाडीपेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे." बायकोने चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ती फुटली की नाही, हे गुरुजींनी स्वतः वाकून बघितलं.

एवढ्या कसोशीने माझी गाडी पुन्हा कोणी बघितली नाही. सरकारने तर नाहीच.

सरकारचा नव्या गाडीवर फार विश्वास. पूर्वी निदान आरटीओत उभी करावी लागे. चासी नंबरावर कागद धरून शिसपेन्सिल घासायची, ठसा उमटवायचा, इन्स्पेक्टरसाहेब लांबूनच मान हलवत. 2021 पासून तेही गेलं. कारखान्यातून पूर्ण बांधून आलेली नवी गाडी नोंदणीसाठी कोणापुढे नेऊन उभी करायची गरज राहिली नाही. हे बरंच झालं, नाहीतरी मान हलवायला गाडी कशाला लागते?

पहिलं वर्ष पीयूसीसुद्धा लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115 वा नियम सांगतो, की नोंदणीला वर्ष पुरं झाल्यावरच ते जवळ हवं. (चौकातल्या हवालदाराला हा नियम सांगून बघा. तो आधी तुमच्याकडे बघतो, मग आरसीवरची तारीख बोटं मोजत वाचतो.) वर्ष उलटलं की मात्र हयगय नको. पीयूसी नसेल तर कायद्यात 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दंडाने भागत नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे.

म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेलो. पेट्रोल पंपाच्या बाजूला, बदामाच्या झाडाखाली एक जुनी व्हॅन. आत कॉम्प्युटर, पंखा आणि एक मुलगा. नुकताच पाऊस झालेला, ब्रेक दाबला तशी गाडी 'चिर्रर्र' करत थांबली. मुलाने मान वर केली.

"साहेब, ब्रेक आवाज करतोय. दाखवून घ्या."

मी खूश झालो. म्हटलं, चला, तपासणी सुरू झाली. तो मोबाइल घेऊन उतरला, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि परत पंख्याखाली जाऊन बसला. मी इंजिन चालूच ठेवलं होतं.

"बंद करा ना साहेब. पेट्रोल कशाला जाळता?"

"नळी घालायची नाही का धुराड्यात?"

"नवीन गाडी आहे. नव्याला काय होतंय?"

प्रिंटर करकरला. कागदावर माझ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड थेट दशांशात छापून आला होता. मर्यादा 0.3 टक्के. माझी गाडी तिच्या कितीतरी खाली, जवळजवळ तुळशीच्या रोपाइतकी शुद्ध.

"आणि तो ब्रेकचा आवाज? तो पण लिही ना यावर."

त्याने कागद माझ्यासमोर धरला. "त्यात ब्रेकचा रकाना नाही, साहेब."

पोराचं काही चुकलं नाही. संबंध कारभारात ब्रेककडे लक्ष गेलेला अधिकृत माणूस तो एकटाच, आणि त्याला लिहायला जागा नाही. हीच गाडी, हाच रंग, पण नंबरप्लेट टॅक्सीची पिवळी असती, तर दोन वर्षांत फिटनेसला न्यावी लागली असती, आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी. पांढऱ्या पाटीच्या गाडीतली माणसं बहुधा वेगळ्या हाडामासाची असावीत, त्यांना ब्रेक लागला नाही तरी चालतं. जपान, ब्रिटन, जर्मनी इथे घरच्या गाडीलाही तीन वर्षं झाली की पहिल्या तपासणीला बोलावतात, ब्रेक, दिवे, टायर सगळं बघतात. त्यांच्याकडे लिंबं मिळत नसतील.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. ती संपली की नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची. माझ्या ब्रेककडे सरकार पहिल्यांदा बघणार ते तेव्हा. तोवर माझ्या पुढे चालत असाल, तर जरा जास्त अंतर ठेवून चाला.