कंसातला टाइप

जावात जेनेरिक्स आले 2004 साली. त्याआधी इलाजच नव्हता. लिस्टमध्ये काहीही टाका, बाहेर येताना ते ऑब्जेक्ट म्हणूनच यायचं आणि प्रत्येक वेळी कंसात स्ट्रिंग लिहून कास्ट करावं लागायचं. तेव्हा तक्रारीत अर्थ नव्हता. आता आहे, कारण कोड रिव्ह्यूला बसलं की हे कंस अजूनही दिसतात.

सर्वांत जास्त त्रास बिल्डरचा. मेसेजबिल्डर हा पालक क्लास, त्यात ‘टू’ ही मेथड. ईमेलबिल्डर त्याचा सबक्लास, त्यात ‘सब्जेक्ट’. लिहिणाऱ्याने ‘टू’चा रिटर्न टाइप मेसेजबिल्डर ठेवलेला असतो. मग ईमेल बनवताना आधी ‘टू’ लिहिलं की पुढे ‘सब्जेक्ट’ कम्पायलरला सापडत नाही. ऑब्जेक्ट तोच असतो, फक्त त्याची ओळख वाटेत हरवते. लोक मग ‘सब्जेक्ट’ आधी आणि ‘टू’ नंतर लिहितात. तरीही शेवटी ‘बिल्ड’ हातात नुसता मेसेज ठेवतो, आणि कास्ट चुकत नाही. आळस बिल्डर लिहिणाऱ्याचा, कास्ट मात्र तो बिल्डर वापरणाऱ्या प्रत्येकाने लिहायचा. हा अन्याय आहे.

जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’च्या 2018 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पिझ्झाचं उदाहरण घेऊन यावरचा उपाय दिलेला आहे. पालक बिल्डरला ‘टी एक्स्टेंड्स बिल्डर<टी>’ असा टाइप पॅरामीटर द्यायचा, मेथड्सनी ‘टी’ परत करायचा आणि ‘सेल्फ’ नावाची अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड ठेवायची. सबक्लासने तिच्यात ‘रिटर्न धिस’ लिहायचं. ‘बिल्ड’ही सबक्लासने ओव्हरराइड करून थेट ईमेल परत करायचा.

काहींना ‘सेल्फ’चाही कंटाळा. ते पालक क्लासमध्येच ‘धिस’ला ‘टी’चं कास्ट मारतात आणि कम्पायलरची वॉर्निंग सप्रेसवॉर्निंग्ज लावून दाबतात. इरेझरमुळे रनटाइमला ‘टी’ उरतच नाही, त्यामुळे त्या ओळीवर खरी तपासणी होत नाही. कुणी कॉपी-पेस्ट करताना एसएमएसबिल्डरला ‘टी’ म्हणून ईमेलबिल्डर दिला, तरी सगळं निमूट कम्पाइल होतं. क्लासकास्टएक्सेप्शन येतं ते चालू प्रोग्राममध्ये, आणि तेही बिचाऱ्या वापरणाऱ्याच्या ओळीवर. ‘सेल्फ’ असती तर एसएमएसबिल्डरमधलं ‘रिटर्न धिस’ कम्पायलरनेच अडवलं असतं.

प्रत्येक सबक्लासमागे ही एक छोटी मेथड, एवढंच काम आहे. पुढचा बिल्डर लिहाल तेव्हा ती आधी लिहा, आणि सप्रेसवॉर्निंग्जला हात लावू नका.