चंद्राचं तिकीट

पूर्णगडात तात्यांना फसवणं कठीण. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू बिनतिकीट चढलेली असणार, असं धरूनच ते तिच्याकडे बघतात. आंबा हातात दिला की आधी देठाशी हुंगणार आणि "आढीतला नाय, पावडरीवर पिकवलेला," म्हणून परत करणार. मुचकुंदीच्या मुखावरचा आमचा किल्ला बघून एखादा पाहुणा "केवढा प्रचंड!" म्हणाला, तर त्यालाही सोडत नाहीत. "लहान आहे. आधी फिरून या, मग बोला."

अशा माणसाला पुतण्याने दुबईहून सेंट आणला. वाटोळी, पांढरी बाटली. खोक्यावरचा मजकूर पुतण्यानेच वाचून दाखवला: पौर्णिमेच्या चंद्रावरून सुचलेला हा सुगंध तीन टप्प्यांत उलगडतो.

टप्पे म्हटल्यावर तात्या सावरून बसले. 6 किलोमीटरला एक टप्पा, या हिशेबात त्यांची सगळी नोकरी गेलेली. डाव्या मनगटावर फवारा मारून त्यांनी घड्याळ पाहिलं.

आधी लिंबू आणि संत्र्याची साल आली. पाव तासात गेली. मग मोगरा फुलला. रात्री बांगड्याचं तिखलं होतं. वासात वास मिसळू नये म्हणून तात्या डावा हात डोक्यावर धरून जेवले. निजायच्या वेळी चंदन आणि कस्तुरी तेवढी उरली.

"हलकं ते आधी उडतं, जड ते मागे राहतं," पुतण्याने समजावलं.

"म्हणजे रत्नागिरीहून गाडी सुटली. लिंबू भाट्याला उतरलं, मोगरा पावसला. चंदन थेट पूर्णगडचं. पण ही कस्तुरी खरी काय रे?"

"नाही तात्या. कस्तुरीमृग मारायला बंदी आहे. आता ती कारखान्यात बनते."

"दुसऱ्याच्या पासावर प्रवास! आणि चंद्र कुठे चढला?"

पुतण्याने मोबाइल काढला. 1972 साली अपोलो 17 मधून सर्नन आणि श्मिट चंद्रावर उतरले. यानात परतल्यावर अंगच्या पोशाखाला चिकटलेल्या धुळीचा त्यांना वास आला, तो बंदुकीची दारू जळल्यासारखा.

तात्यांचा चेहरा उजळला. गुन्हेगार सापडला होता. "खरा चंद्र लवंगी माळेसारखा वास मारतो, आणि हे मोगरा विकतायत! यात दारू कुठाय?"

"आहे की! बाटलीत मुख्य तीच. अल्कोहोल."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, काय आहे बाटलीत?"

सेंट पिण्यासाठी नसतो, अल्कोहोल घटकाभरात उडून जातं आणि जाताना वास पसरवतं, हे त्यांना पटवायला पुतण्याला अर्धा तास लागला. तात्या मध्ये पडले नाहीत. ते निकाल देण्यात गुंतले होते: चंद्र बिनतिकीट, बाटली जप्त.

जप्त माल तात्यांच्या कपाटात गेला. हल्ली ते पावसला निघाले, की लिंबाचा वास त्यांच्यापुढे दोन पावलं चालतो. बाटली निम्मी झालेली पाहून काकूंनी जाब विचारला, तेव्हा म्हणाले, "तपासणी एका दिवसात होते काय?"

काकूंनी काही न बोलता बाटली घेतली, स्वतःच्या दोन्ही मनगटांवर एकेक फवारा मारला आणि दंड जागच्या जागी वसूल केला.