मॉलसाठी ओळखपत्र, शाळेसाठी लिंक

१६ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांच्या ओळखपत्राला अखेर काहीतरी काम मिळालं. राज्य सरकारने त्या दिवशी मॉलसाठी सुधारित नियम काढले. लशीचे दोन डोस झालेल्यांनाच आत प्रवेश. पण अठरा वर्षांखालच्यांची लस तर सुरूच झाली नव्हती. तेव्हा त्यांनी दारावर वयाचा पुरावा दाखवावा, असं ठरलं. पुरावे कोणते? आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा शाळा-कॉलेजचं ओळखपत्र. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑगस्टला, शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग भरणार होते. तसा शासन निर्णयही निघाला होता. पण राज्याच्या कोविड टास्क फोर्सने हरकत घेतली आणि तो निर्णय स्थगित झाला. त्यामुळे भाईंदरच्या पोराला शाळेचं ओळखपत्र गळ्यात घालून मॉलमध्ये जाता येत होतं, फक्त शाळेत जाता येत नव्हतं.

सातवीतल्या मुलाकडे पॅन कार्ड असेल, ही कल्पना कुणाची, याचा शोध अजून लागलेला नाही. मात्र त्या नियमाने मीरा-भाईंदरच्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. सरकारच्या लेखी मूल हे गिऱ्हाईक म्हणून चालतं, विद्यार्थी म्हणून नंतर बघू.

सुरुवातीला कुणी कुरकुर केली नव्हती, हे आधी सांगायला हवं. मार्च २०२०मध्ये भीती खरी होती. भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं टेंभा हॉस्पिटल, कोविडसाठी राखून ठेवलं होतं आणि ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आख्खी बिल्डिंग खिडकीत उभी राहत होती. तेव्हा शाळा बंद झाल्या, यात कुणाला वावगं वाटलं नाही. पालकांचं बिनसलं ते नंतर, एकेक गोष्ट उघडायला लागली आणि रांगेत आपलं पोर नेमकं कुठे उभं आहे ते दिसायला लागलं तेव्हा.

दहावीचा भूगोलाचा पेपर त्या वर्षी आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच केला. मीरा-भाईंदरकरांचा भूगोल मात्र त्याच वर्षी पक्का झाला. जिल्हा ठाणे, महानगरपालिका स्वतःची, लोकल पश्चिम रेल्वेची, नोकरी मुंबईची. पोलीस आधी ठाणे ग्रामीणचे. १ ऑक्टोबर २०२०पासून वसई-विरारसकट नवं आयुक्तालय. एवढे मालक असले की नियमही तेवढ्याच ठिकाणांहून येतात. जून २०२०च्या शेवटी मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा, असं फर्मान काढलं आणि दहिसर चेकनाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. ते फर्मान काही दिवसांतच मागे घेतलं गेलं. तोवर १ जुलैपासून मीरा-भाईंदरने आपला वेगळा कडक लॉकडाऊन लावला होता. दहा दिवसांचा म्हणून आलेला हा पाहुणा १८ जुलैपर्यंत मुक्कामाला राहिला. नाक्याच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. दहिसर-बोरिवलीच्या शाळेत जाणारी थोरली आणि मीरा रोडच्या शाळेतला धाकटा एकाच घरात राहत असतील, तर आईला दोन महानगरपालिकांची परिपत्रकं रोज ताडून पाहावी लागत.

आता काय कधी उघडलं, ती रांग पाहू. मे २०२०मध्ये राज्याने दारू घरपोच पोहोचवायला परवानगी दिली. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, देवळं उघडली. त्यानंतर २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला हरकत नाही, असं सरकार म्हणालं आणि निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवून मोकळं झालं. मुंबई महानगर परिसरातल्या पालिकांनी तो लांबणीवर टाकला. दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद झालं, आणि मग देवळांसाठी विरोधी पक्षाने ३० ऑगस्ट २०२१ला राज्यभर शंखनाद केला. शाळांसाठी कुणी साधी पिपाणीही वाजवली नाही. पोरांना मत नसतं आणि पालक संध्याकाळी गृहपाठाचे फोटो अपलोड करण्यात गुंतलेले असतात. आंदोलनाला वेळ कुणाकडे?

लोकलची कथा याहून सरस. २१ ऑक्टोबर २०२०पासून बायकांना ठरावीक वेळात लोकलने प्रवास करायची मुभा मिळाली. पुढच्याच महिन्यात रेल्वेच्या लक्षात आलं की काही बायकांबरोबर त्यांची मुलंही असतात. मग मुलांना घेऊन येणाऱ्यांना स्टेशनच्या दारातच अडवायला सुरुवात झाली. मीरा रोडहून अंधेरीला माहेरी निघालेल्या बाईने चार वर्षांचं पोर फलाटाबाहेर कुणाकडे ठेवायचं, याची सोय परिपत्रकात नव्हती. १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. मुलांना तेव्हा एकही डोस मिळत नव्हता. पंधरा ते अठरा वयोगटाची लस सुरू झाली ३ जानेवारी २०२२ला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये कुणाच्या तरी ध्यानात आलं की, जी लस नाही ती न घेतल्याबद्दल मुलांना लोकलबाहेर ठेवणं बरं दिसत नाही, आणि त्यांना आत घेण्यात आलं.

या काळात शिक्षण कुठे होतं? शासनाच्या भाषेत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. होतं खरं. शांतीनगरच्या वन बीएचकेत ते पलंगावर होतं, कारण टेबलावर बाबांचं ऑफिस होतं आणि ओट्यापाशी आईचं. घरात फोन दोन. एकावर थोरल्याचं गणित, दुसऱ्यावर धाकटीची कविता, आणि बाबांच्या साहेबांना मीटिंगमध्ये मागून ‘बे एके बे’ ऐकू येई. बाईंचा निम्मा तास ‘बाळा, म्यूट कर’ आणि उरलेला निम्मा ‘बाळा, अनम्यूट कर’ यात जाई. पीटीचे सरही मागे नव्हते. त्यांनी वीस उड्या मारायला सांगितल्या की सहाव्या उडीला खालच्या मजल्यावरच्या काकू सेक्रेटरीला फोन लावत. उन्हाळ्यात ज्या पोराला ‘नेट गेलं’ म्हणता येत नव्हतं, ते दिवाळीपर्यंत व्हिडिओ बंद करून खुशाल झोपायला शिकलं. डिजिटल साक्षरता म्हणतात ती हीच.

केंद्र सरकारने जुलै २०२०मध्ये नियमावली काढली: पूर्वप्राथमिकला अर्धा तास, पहिली ते आठवीला पाऊण तासापर्यंतची दोनच सत्रं. कागदावर अगदी शहाणपणाची. प्रत्यक्षात सत्र संपलं की पीडीएफ यायची आणि ती झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट करायची. ते दुकान बहुतेक सकाळी बंद ठेवायचा आदेश असे. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. ती मनापासून केलेली होती, हे कबूल करायलाच हवं. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो घेऊन बाबा कामावर जात, तिथे तिने काही महिने तग धरला.

वरचे नियम कमी पडले म्हणून की काय, सोसायट्यांनी आपले काढले. राज्य सरकारला निदान मंत्रिमंडळ विचारावं लागतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला फक्त प्रिंटर लागतो. ‘लहान मुलांनी कंपाउंडमध्ये खेळू नये. सायकल चालवू नये. आढळल्यास पालकांकडून दंड वसूल केला जाईल. आदेशावरून.’ त्याच कंपाउंडमध्ये सकाळी सहा ते आठ कमिटी मेंबर मास्क हनुवटीवर ठेवून फेऱ्या मारत आणि लशीवर चर्चा करत. घरकामाच्या बाईंना लिफ्ट बंद, पार्सलवाल्याला गेट बंद, आणि मुलांना सगळंच बंद. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ हे वाक्य सरकारने सर्वेक्षणासाठी काढलं होतं. सोसायटीने ते शब्दशः घेतलं: तुमचं कुटुंब ना? मग तुमची जबाबदारी. घरात ठेवा.

निकाल मात्र बंपर लागले. २०२१ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि १६ जुलैला निकाल आला ९९.९५ टक्के. संकेतस्थळ तासनतास कोलमडलं, कारण नापास व्हायला कुणी उरलंच नव्हतं आणि सगळेच बघायला आले होते. मग अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली. पोरांनी पुन्हा पुस्तकं काढली. आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या वर्षी दहावीच्या मुलाच्या आईला ‘अभ्यास झाला का?’ असं विचारायचीही सोय नव्हती. कसला, ते आधी सांगा, असं पोर म्हणायचं, आणि त्याचं चूक नव्हतं.

याउलट ज्यांची परीक्षाच नव्हती त्या धाकट्यांचं मोजमाप पुढे झालं. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचता येणारी २०१८मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. शहरांची मोजणी त्या पाहणीत नव्हती. शहरी पालक वर्षभर पोराच्या कानात उत्तर सांगत असल्याने ती करायची कशी, हाही प्रश्नच होता.

कळस झाला जानेवारी २०२२मध्ये. शाळा ४ ऑक्टोबरपासून मोठ्यांसाठी उघडल्या होत्या आणि डिसेंबरमध्ये लहानग्यांचे वर्ग कुठे भरू लागले होते. ओमायक्रॉन आला. ८ जानेवारीला सरकारने आदेश काढला: शाळा-महाविद्यालयं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद, व्यायामशाळा बंद, ब्यूटी पार्लर बंद, उपाहारगृहं आणि मॉल निम्म्या क्षमतेने चालू. जिमवाले आणि पार्लरवाले ओरडले. एका दिवसात, ९ जानेवारीला, आदेश सुधारला: जिम आणि पार्लर निम्म्या क्षमतेने चालतील. यातून पालकांनी घ्यायचा तो बोध घेतला. शाळेने फळ्याशेजारी दोन डंबेल्स आणि एक फेशियलची खुर्ची ठेवली असती, तर वर्ग दुसऱ्याच दिवशी भरले असते.

हे निर्बंध लागू झाले १० जानेवारीपासून. नेमक्या त्याच दिवशी युगांडाने जवळपास दोन वर्षांनी आपल्या शाळा उघडल्या. जगातली सर्वांत लांब शाळाबंदी म्हणून तिची नोंद होत होती; महाराष्ट्राने त्या विक्रमाचा पाठलाग सोडू नये, असं बहुधा कुणाला वाटलं असावं. बार आणि मॉल चालू ठेवून शाळा बंद ठेवण्यात काही अर्थ नाही, असं जागतिक बँकेचे शिक्षण संचालक हाइमे सावेद्रा यांनी त्याच महिन्यात सांगितलं. मीरा रोडच्या स्टेशनबाहेर भाजी निवडणाऱ्या आया हे दीड वर्ष सांगत होत्या, पण त्यांच्याकडे बँक नव्हती.

अखेर २४ जानेवारीपासून, पुन्हा स्थानिक प्रशासनाच्या मर्जीने, शाळा उघडायचं ठरलं. आणि तीनच दिवसांनी, २७ जानेवारीला, मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. त्यात अट होती: शाळांजवळच्या सुपरमार्केटला परवानगी नाही. शाळा नावाची वस्तू समाजात आहे आणि तिला जपायला हवं, याची इतक्या ठळकपणे आठवण ठेवणारा तो त्या काळातला विरळा शासकीय निर्णय. पुढे तोही प्रत्यक्षात आला नाही.

१ एप्रिल २०२२पासून सगळे निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी गुढ्या उभारल्या गेल्या, मास्क ऐच्छिक झाला. पालक सुटकेचा श्वास घेणार कुठून? शिक्षण खात्याचं परिपत्रक त्याआधीच हातात पडलं होतं: बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी पहिली ते नववी आणि अकरावीच्या शाळा एप्रिलअखेरपर्यंत पूर्णवेळ, शनिवारीही पूर्ण दिवस, शाळांची इच्छा असल्यास रविवारीसुद्धा. मीरा-भाईंदर म्हणजे कोकण, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश यांचं मिळून झालेलं शहर. गावची तिकिटं चार-चार महिने आधी काढलेली. दोन वर्षं ‘शाळा उघडा’ म्हणणारे तेच पालक आता ‘शाळा बंद करा’ म्हणत व्हॉट्सॲप ग्रुपवर तुटून पडले. सरकारला पालक कळत नाहीत, हे तोवर ठाऊक होतंच. पालकांनाही सरकार बरोबर उलट्या वेळी कळतं.

तेव्हापासून विषाणूची भीती गेली; मागे राहिले ते त्याचे कारकून. ‘तिसरी ब पालक’ नावाचा ग्रुप राहिला आहे, आणि ‘उद्या सकाळी चार्ट पेपर व हिरव्या रंगाचा ड्रेस’ हा निरोप अजून रात्री साडेदहालाच येतो. गृहपाठाची पीडीएफ राहिली आहे. पाहुण्यांची वहीत नोंद राहिली आहे. खेळायला कंपाउंडमध्ये संध्याकाळी पाच ते सात हीच वेळ राहिली आहे. का, असं विचारलं तर ‘कोविडपासून हेच चालू आहे’ असं उत्तर मिळतं, आणि ते वडिलोपार्जित असल्याच्या सुरात मिळतं. पावसाळ्यात रेड अलर्ट आला की प्रशासन सुट्टी जाहीर करतं आणि पोरगं रेनकोट काढून पांघरुणात शिरतं, तोवर ग्रुपवर लिंक येते. पूर्वी नालासफाई न झाल्याचा एवढा तरी फायदा पोरांना मिळत होता.

फीच्या पावतीवर ऑनलाइन शिक्षण, ॲप, डिजिटल कंटेंट अशा नावाची एक ओळ काही शाळांनी त्या काळात घातली. वर्ग भरू लागल्यावरही ती ओळ तिथेच आहे, आणि दर जूनमध्ये थोडी वाढते. राज्य सरकारने १२ ऑगस्ट २०२१ला शासन निर्णय काढून त्या शैक्षणिक वर्षाची फी पंधरा टक्क्यांनी कमी केली होती. ती सवलत एका वर्षापुरती होती. महामारीतल्या सगळ्या तरतुदींपैकी एवढी एकच ठरल्या दिवशी, एका तासाचीही मुदतवाढ न घेता संपली.