माडीवरचे गाणे

सॅराटोगा स्प्रिंग्ज, न्यूयॉर्क
रविवार

तीर्थरूप अण्णांस,
बबनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

काल आईचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजातील काळजीचे मूळ येथील थंडीत असावे अशा समजुतीने मी बर्फाची, लोकरी मोज्यांची आणि मुलांच्या खोकल्याची साद्यंत हकीकत देत राहिलो. परंतु 'बबन रात्री माडीवर गाणे ऐकायला जातो' ही वार्ता कुसुममावशीने गावभागापासून विश्रामबागेपर्यंत पोचती केली आहे, हे अखेरीस उघडकीस आले. सबब, तळघरात कपड्यांचे यंत्र फिरत आहे तेवढ्या अवधीत हा लेखी खुलासा.

गाणे ऐकले हे खरे, ते माडीवर झाले हेही खरे, आणि ती माडी एका बाईंच्या नावाने चालते हे तर सर्वांत खरे असल्यामुळे मावशीवर असत्यकथनाचा आरोप ठेवता येत नाही. फिला रस्त्यावर जिना चढून गेले की 'कॅफे लीना' हे कॉफीगृह लागते. 1960 साली बिल आणि लीना स्पेन्सर या दांपत्याने ते उघडले, ते अशा बेताने की काही वर्षे कॉफी व लोकगीते यांवर चरितार्थ चालवावा, पैसा गाठीला बांधावा आणि युरोपात जाऊन सुखाने राहावे. पुढच्याच वर्षी बॉब डिलन येथे गायला. श्रोते आपसांत बोलत बसले, तेव्हा खुद्द बिलसाहेबांना उठून त्यांची कानउघाडणी करावी लागली, असे सांगतात. (सवाई गंधर्व महोत्सवात डबा उघडणाऱ्या बाईंना आपण जे सुनावले, त्याला असा थोर पूर्वाधार आहे.) पुढे बिलसाहेब संसार टाकून निघून गेले, पैसा कधी साठला नाही, आणि लीनाबाई 1989 साली मृत्यू येईपर्यंत तेच कॉफीगृह चालवीत राहिल्या. हे गाव घोड्यांच्या शर्यतींसाठीही प्रसिद्ध आहे. मावशीला तूर्त ते कळवू नये.

कार्यक्रमापूर्वी वेळ होता म्हणून जवळच्याच दुसऱ्या एका कॉफीच्या दुकानात शिरलो. एका पेल्यास साडेसहा डॉलर, म्हणजे साडेपाचशे रुपयांवर! रुपयांत हिशेब करू नये असा येथील जुन्या मंडळींचा उपदेश आहे. ते बहुधा रात्री पांघरुणात करीत असावेत. तेवढ्याने भागते तर तक्रार नव्हती. कॉफी देणाऱ्या पोराने एक चकचकीत पाटी माझ्याकडे फिरवली आणि तीवर बक्षिसीचे दर झळकले: शेकडा 18, 20, 25. 'काही नको' हा पर्याय तळाशी, मुंगीच्या अक्षरांत. पेला मीच उचलला, साखर मीच घातली, टेबल मीच पुसले. तथापि मागे रांग उभी, पोराची नजर छताकडे आणि सुमनची माझ्याकडे, अशा त्रिविध दडपणाखाली मी 20 वर बोट ठेवले. संस्थानी अमलात नजराणा घेणारा निदान मुजरा तरी स्वीकारीत असे.

गाणे मात्र उत्तम झाले. आवाज वाढविणाऱ्या यंत्रांचा गलबला नाही. एक वृद्ध गृहस्थ, मांडीवर बॅंजो. या वाद्याचे मूळ गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या, भोपळ्यावर कातडे ताणून केलेल्या वाद्यांत आहे. त्याची पाचवी तार आखूड, खुंटी दांडीच्या मध्येच एका अंगास बसविलेली. बोटे इतर तारांवर सुरावट घेत असता अंगठा मधूनमधून त्या तारेला छेडून तोच एक सूर पुनःपुन्हा काढतो, अगदी आपल्या तुणतुण्यासारखा. कडवे म्हाताऱ्याने म्हणावे, पालुपद सर्वांनी धरावे. शेजारच्या आजीबाईंनी तर आमच्या चिंटूला कोपराने ढोसून गावयास लावले. शब्द मला अर्धेच कळले, परंतु त्या समुदायात कोणीतरी अर्धी मात्रा मागे टाळी देत होते, आणि मला एकदम दत्ताच्या देवळातील गुरुवार, बापूकाकांची झांज आणि 'बापू, पुढच्या गुरुवारी पोचशील का रे?' हा आपला प्रश्न आठवला. चष्म्यावर कॉफीची वाफ आली असे मी सुमनला सांगितले. तिने चष्मा पुसून दिला.

लीनाबाईंच्या युरोपाची हकीकत ऐकताना सुमन माझ्याकडे काही न बोलता पाहत होती. 'दोन वर्षांत परततो' या माझ्या विमानतळावरील कबुलीस किती मुदतवाढी झाल्या, हे आपल्या दप्तरी असेलच.

आता घरचे. मेतकूट पोचले, जकातवाल्यांनी पुडी फोडून पाहिली, पण कोणी चाखल्याची खूण नाही. निमूच्या स्थळाबद्दल: मुलगा 'शांत' आहे एवढीच त्याची ख्याती असल्यास आणखी चौकशी करावी, वसंताही लग्नापूर्वी शांतच होता. लेले आपली आंब्याची फांदी तोडायची म्हणतात, त्यांना वैशाखापर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवावे. तिकिटे मी त्या सुमाराचीच पाहतो आहे. मात्र आईला एवढ्यात सांगू नये, ती आजच पापड लाटावयास बसेल.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
बबन